दोर कमरेला, भार पायावर

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की थोड्याच वेळात भूगाव येते. कुस्तीशौकिनांना या गावाची ओळख करून द्यायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा येथेच रंगला होता आणि पुण्याच्या अभिजित कटके या मल्लाने मानाची गदा पटकावली होती. अंगातली रग जिरवायची तर तालमीत जावे, ही इकडची जुनी रीत. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या घरांतील सात मुलामुलींनी वेगळाच हट्ट धरला. त्यांना प्रस्तरारोहण शिकायचे होते. साध्या भाषेत सांगायचे तर दोर बांधून कातळ चढायचा होता.

ही मुले कुणा बड्यांची नव्हेत. कुणाचे वडील पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, कुणाची आई नव्या सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी करणारी. आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी मुलांच्या अभ्यासिकेचे काम पाहतो. म्हणून पालकांची समजूत घालण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले.

सहा घरी फारसे अडले नाही. सातव्या घरी मात्र मुलीच्या आईने आम्हांला निरुत्तर केले. या ताई घरी शिलाई मशीनवर कपडे शिवतात. मशीनचे चाक थांबवून त्या म्हणाल्या, "भाऊ, घरातला एक माणूस उंचावरनं पडलाय, तेवढं पुरं नाही झालं का? आता पोरीलाबी दोराला बांधायची?"

त्यांचे यजमान सेंट्रिंगचे काम करतात. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पाय सुटून ते खाली आले. पाय मोडला, चार महिने घरी बसावे लागले. आजही ते किंचित लंगडत चालतात. अशा घरात जाऊन "काही होत नाही हो ताई" असे म्हणण्याची आमची हिंमत झाली नाही. शेवटी असे ठरले की वडिलांनी स्वतः बरोबर यावे, डोळ्यांनी पाहावे आणि मग हो की नाही ते सांगावे.

त्या एका रविवारी आम्ही जे पाहिले, ते पालकांना आणि तरुणांना सांगावे म्हणून हा लेख.

ताकदवान मुलगा आधी का थकला?

भूगावपासून थोड्या अंतरावर, गाडीरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चढणीवर, सुमारे चाळीस फूट उंचीचा एक कातळ आहे. एका जुन्या गिर्यारोहण संस्थेचे दोन शिक्षक पहाटेच येऊन वर दोर लावून बसले होते. दोर माथ्यावरच्या पक्क्या आधारातून फिरवून त्याची दोन्ही टोके खाली सोडली होती. एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला, दुसरे खाली उभ्या राहिलेल्या शिक्षकाच्या हाती. चढणारा जसा वर जाईल तसा शिक्षक दोर ओढून घेतो. हात सुटलाच तर माणूस फूट-दोन फूट खाली येतो आणि दोरावर लटकून राहतो. या सांभाळण्याला 'बिले' म्हणतात. नवशिक्यांना शिकवण्याची ही सर्वांत सुरक्षित पद्धत.

पहिला पुढे सरसावला तो तालमीत जाणारा मुलगा. छाती भरदार, दंड असे की सदऱ्याची बाही उसवावी. पहिले दहा-बारा फूट तो नुसत्या हातांच्या जोरावर सरसर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा फुटांवर तो थांबला. बोटे वळेनात, उघडेनात. मिनिटभराने तो दोरावर लटकला आणि खाली आला तेव्हा त्याला पाण्याच्या बाटलीचे झाकणही उघडवेना.

शिक्षकांनी सर्वांना जवळ बोलावून कारण समजावले. मूठ जोराने आवळली की कोपराखालचे स्नायू ताठ होतात. त्यांच्या दाबाने आतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. स्नायूंना काम तर करायचे असते, पण रक्त पुरेसे पोचत नाही. थकवा साठत जातो आणि हात लाकडासारखा होतो. ज्या बायका भिजलेली गोधडी पिळतात त्यांना हा अनुभव नवा नाही. तिसऱ्या-चौथ्या पिळ्याला हात असाच भरून येतो.

तालमीत पकड जितकी घट्ट तितकी चांगली. कातळावर उलटे. पकड जेवढ्यास तेवढी हवी. हात शक्यतो सरळ ठेवायचा, म्हणजे भार स्नायूंवर न येता हाडांवर येतो. बरी जागा मिळाली की एकेक हात खाली सोडून झटकायचा आणि रक्त फिरू द्यायचे. खरे काम पायांनी करायचे. शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला वर ओढतो का? नाही. पायाने ढकलतो, हात फक्त तोल धरतात. कातळ चढणे म्हणजे पायऱ्या दिसत नसलेली शिडी चढणे.

यानंतर सेंट्रिंगवाल्या दादांच्या मुलीची पाळी आली. बारावीतली मुलगी, अंगाने सडपातळ. तिने हातांच्या जोराचा विचारच केला नाही, कारण तो तिच्याकडे नव्हता. ती प्रत्येक वेळी खाली पाहून आधी पायाला जागा शोधत होती. बुटाचे टोक खाचेत ठेवायचे, त्यावर हळूहळू भार द्यायचा आणि मग उभे राहायचे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन जागी पक्के टेकलेले असावेत आणि चौथाच हलवावा, हा नियम तिने एकदा ऐकला व पाळला. पैलवान जेथे थांबला होता ती जागा तिने सहज ओलांडली.

याचा अर्थ ताकद लागत नाही असा नव्हे. स्वतःचे वजन पेलण्याइतकी ताकद हवीच. पोट आणि पाठ घट्ट हवी, नाहीतर पाय कातळावरून सुटत राहतात. खुबे मोकळे हवेत. ज्यांना मांडी घालून आणि उकिडवे बसायची सवय आहे त्यांना हे सोपे जाते. आमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यांचे तेथेच अडते. रोज जिने चढणे, बैठका, थोडे जोर आणि लोंबकळण्याचा बेताचा सराव, एवढ्या तयारीवर नवशिक्याला सुरुवात करता येते. महागड्या व्यायामशाळेची गरज नाही.

मात्र एक सावधगिरी महत्त्वाची. नव्या व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, म्हणजे कंडरा, त्यांना बळकट व्हायला कितीतरी महिने लागतात. उत्साहाच्या भरात रोज चढू लागलेल्यांची बोटे दुखावतात ती याच कारणाने. म्हणून दोन सरावांत किमान एक-दोन दिवसांची विश्रांती हवी. वाढत्या वयाच्या मुलांनी तर नुसत्या बोटांवर लटकण्याचा सराव करूच नये. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढ अजून पूर्ण झालेली नसते.

पायाची शिलाई मशीन

आता मनाची गोष्ट. पंचवीस फुटांवर ती मुलगी थांबली. पुढची पकड जरा उजवीकडे होती आणि तिथवर जायचे तर डावा पाय एका बोटभर रुंद खाचेवर ठेवून उभे राहावे लागणार होते. तिने पाय ठेवला. पण उठेना. खालून आम्हांला दिसत होते, तिचा डावा पाय लटलटा कापत होता. टाच भराभर वर-खाली होत होती.

या कापण्याला जगभरचे प्रस्तरारोहक 'शिलाई मशीनचा पाय' म्हणतात. टाच उचलून चवड्यावर बराच वेळ उभे राहिले की पोटरी थकते. त्यात भीतीने अंग ताठ झाले, श्वास रोखला गेला, की पाय मशीनसारखा चालू लागतो. मग पाय कापतो म्हणून भीती वाढते आणि भीती वाढते म्हणून पाय आणखी कापतो.

भीतीने आणखी एक गोष्ट होते. नजर आखडते. हातभर अंतरावरची मोठी खाचही दिसत नाही. माणूस आहे तीच पकड जिवाच्या आकांताने धरून बसतो, हात भरून येतात आणि सारा जोर जागच्या जागी संपतो. शरीर थकल्यामुळे मन खचते असे आपण समजतो. कातळावर पुष्कळदा मन आधी खचते आणि ते शरीराला थकवते.

खाली तिचे वडील उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. पण त्यांच्या हातातली टोपी त्यांनी पिळून काढली होती.

आणि वरून आवाज आला, "सर, मला भीती वाटतेय!"

शिक्षक हसले नाहीत. "घाबरू नकोस" असेही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मी दोर घट्ट घेतलाय. आधी श्वास बाहेर सोड. आता टाच खाली घे. झालं? आता वर बघू नकोस, खाली बघू नकोस. उजवा पाय कुठं ठेवायचा, एवढंच बघ."

मुलीने टाच खाली केली. पाय शांत झाला. उजवा पाय ठेवायला गुडघ्याजवळच चांगली रुंद जागा होती, ती तिला आत्ता दिसली. तरी पहिल्या प्रयत्नात ती निसटली, हातभर खाली आली आणि दोरावर झुलली. तिचे वडील एक पाऊल पुढे धावले. पण दोराने तिला धरले होते. दोन मिनिटे ती तशीच बसून राहिली, मग पुन्हा लागली आणि माथ्याला हात लावून खाली आली.

त्या छोट्या पडण्याचा उपयोग शिक्षकांनी नंतर सांगितला. दोर धरतो, हे नुसते ऐकून मनाला पटत नाही. एकदा अंगाने अनुभवावे लागते. म्हणून चांगले शिक्षक नवशिक्यांना मुद्दाम कमी उंचीवर दोरावर बसायला, हात सोडायला लावतात. भीती नाहीशी करायची नसते. भीती हा शरीराने दिलेला इशारा आहे, तो ऐकून खरा धोका कोणता आणि नुसता भास कोणता हे निवडायला शिकायचे असते.

लाज भीतीहून घातक

त्याच दिवशी दुसरा एक प्रसंग घडला. तो लहान होता, पण आमच्या मते तोच सर्वांत मोठा धडा होता.

कमरेला आणि मांड्यांना जो पट्टा बांधतात त्याला 'हार्नेस' म्हणतात. तेथे जे हार्नेस होते त्यांच्या बकलातून पट्टी एकदा ओवून पुन्हा उलटी फिरवून घ्यावी लागते. तसे केले नाही तर ताण आल्यावर ती सरकू शकते. एका मुलाला हे नीट समजले नव्हते. शिक्षकांनी विचारले, "कळलं का सगळ्यांना?" तेव्हा सगळ्यांबरोबर त्यानेही "हो" म्हटले. चढण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचे बकल, गाठ आणि दोर तपासायचा नियम आहे. त्या तपासणीत चूक सापडली. नियम नसता तर काय झाले असते, ते लिहवत नाही.

नंतर आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, "अरे, कळलं नव्हतं तर विचारलं का नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, सगळ्यांना कळलं होतं. मलाच कळलं नाही, असं कसं सांगू?"

आम्ही त्याला काय रागावणार! बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हा पहिले वर्षभर आम्हीही हेच केले. एखादा तक्ता कसा भरायचा ते समजले नाही तरी विचारत नसू. विचारले तर कुणीतरी म्हणेल, "सवलतीवर आलेत, यांना काय येणार!" या धास्तीने रात्री घरी बसून जुन्या फायली चाळत असू. चूक झाली तर कागदावर होत असे, ती खोडता येत असे. कातळावरची चूक खोडता येत नाही.

म्हणून नवशिक्याच्या मनाची पहिली कसोटी धाडस ही नव्हे. "मला कळले नाही, पुन्हा सांगा," "मला भीती वाटते," "आज मला बरे वाटत नाही, मी चढणार नाही," ही तीन वाक्ये मोठ्याने उच्चारता येणे, ही पहिली कसोटी. ज्याला ही वाक्ये बोलता येतात तो चांगला चढणारा होऊ शकतो. ज्याला येत नाहीत तो स्वतःला आणि दोर धरणाऱ्यालाही धोक्यात घालतो.

आम्ही स्वतः ही कसोटी त्याच दिवशी दिली. मुलांनी आग्रह केला म्हणून हार्नेस चढवला. तो आमच्या पोटावर बसता बसेना, त्यावरून हशा झाला. सहा फुटांवर गेलो आणि आमचीही मशीन सुरू झाली. "मला खाली घ्या," असे आम्ही सर्वांच्या देखत सांगितले आणि खाली आलो. कुणी हसले नाही.

वडिलांचे प्रश्न

दुपारी भाकरी सोडल्यावर मुलीचे वडील शिक्षकांजवळ जाऊन बसले. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. हा दोर कशाचा? ही कडी किती वजन धरते?

शिक्षकांनी सांगितले. चढाईचा दोर नायलॉनचा असतो आणि तो मुद्दाम ताणला जाईल असा बनवलेला असतो. पडणाऱ्याला तो एकदम हिसका देत नाही, ताणत ताणत थांबवतो. विहिरीचा सोल किंवा ट्रकला बांधायचा दोर यासाठी चालत नाही. ज्या कडीला 'कॅराबिनर' म्हणतात ती लांबीच्या बाजूने सुमारे दोन हजार किलो वजनाइतका ताण सोसेल अशी असावी लागते आणि तसा आकडा तिच्यावर कोरलेला असतो. तरीही दर वेळी दोर हाताने चाचपून पाहायचा. कापला, फुगला, कडक झाला असेल तर तो बाद करायचा.

मग दादा हळूच म्हणाले, "आमच्याकडं पण पट्टे आहेत सर. पण ते पेटीत असतात. पट्टा लावला की हाताखालची पोरं हसतात, अन् टाइम जातो म्हणून ठेकेदार ओरडतो. त्या दिवशी मी पट्टा लावलाच नव्हता."

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. शिक्षक म्हणाले, "दादा, तीस वर्षं मी चढतोय. दोराशिवाय मी या चाळीस फुटांवरसुद्धा जात नाही. तुम्ही तर रोज याच्या दुप्पट उंचीवर हातात वजन घेऊन चालता. तुमच्या कामाला हा कमरेचा हार्नेस नाही चालायचा. खांद्यावरून आणि मांड्यांतून येणारा पूर्ण पट्टा लागतो, आणि तो वर पक्क्या जागी अडकवलेला असला तरच त्याचा उपयोग."

मुलगी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "पप्पा, मी वर घाबरले ते सांगितलं ना, तसं तुम्ही पण सांगायचं."

हे खेळ आपले नव्हेत काय?

डोंगर चढणे हा पैसेवाल्यांचा शौक, असा आपल्यात समज आहे. साधने महाग असतात हे खरे. पण इतिहास काय सांगतो? २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरींबरोबर एव्हरेस्टवर प्रथम पाय ठेवणारे तेनझिंग नोर्गे हे गोऱ्या साहेबांच्या मोहिमांमध्ये ओझी वाहून पुढे आलेले होते. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली आणि तेथे ते प्रशिक्षणप्रमुख झाले.

२५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही तेरा वर्षे अकरा महिने वयाची आदिवासी मुलगी एव्हरेस्टवर पोचली. तिचे आईवडील तेलंगणातील शेतमजूर. तिच्याबरोबर आनंद कुमार हा दलित कुटुंबातील शाळकरी मुलगा होता. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. त्यांचा पहिला धडा बर्फावर झाला नाही. हैदराबादजवळ भोंगीर येथे एक अखंड प्रचंड खडक आहे, तेथील प्रस्तरारोहणाच्या शाळेत तो झाला. आपल्या महाराष्ट्रात 'मिशन शौर्य' या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची मुले तयार करण्यात आली आणि मे २०१८ मध्ये त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी एव्हरेस्ट गाठले. संधी आणि शिक्षक मिळाले की काय होते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

भिंतीवर चढण्याची स्पर्धा तर आता ऑलिंपिकमध्येही आहे. टोकियोला, म्हणजे २०२१ मध्ये, तिचा प्रथम समावेश झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधरा मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढून इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्डोने सुवर्णपदक मिळवले.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. तानाजी मालुसऱ्यांनी १६७० मध्ये सिंहगड घेतला तेव्हा घोरपडीला दोर बांधून मावळे वर चढले, ही गोष्ट रंजक असली तरी ती लोककथा आहे. कडा चढतात ते माणसाचे पाय, दोर आणि दोर धरणारा सोबती. तेव्हाही आणि आताही.

आपला सह्याद्री कसा आहे?

सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, बेसॉल्टचा आहे. काही थर लोखंडासारखे टणक, तर मधले काही भुसभुशीत. त्यामुळे हातात धरलेला दगड निघून येणे, वरून दगड घरंगळणे हे येथे नेहमीचे. डोक्यावर हेल्मेट हवेच, आणि ते खाली उभ्या असणाऱ्यांनाही हवे. पावसाळ्यात शेवाळाने कातळ निसरडा होतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच शिकण्याचा योग्य काळ.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ दिसले की त्या बाजूला जाऊच नये.

मुळशी तालुक्यातच तैलबैला नावाच्या दोन जुळ्या, ताशीव भिंती उभ्या आहेत. लोणावळ्याची नागफणीही प्रसिद्ध आहे. त्यांची छायाचित्रे पाहून मुले उतावीळ होतात. पण त्या जागा अनुभवी चढणाऱ्यांच्या आहेत. नवशिक्याने चाळीस फुटांवरच समाधान मानावे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच कातळात कोरलेली आहेत. तेथील भिंतींवर, शिल्पांवर चढून बघण्याचा मोह मुलांनी चुकूनही करू नये. आपल्या पूर्वसूरींचा तो ठेवा आहे आणि कायद्याने संरक्षितही आहे.

पालकांसाठी चार गोष्टी

मुलांना पाठवण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

१) शिकवणारे कोण? त्यांनी स्वतः कोठे प्रशिक्षण घेतले? साहसी खेळ भरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले आहे. नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. नुसते दोरावरून खाली सोडणे म्हणजे रॅपलिंग. ते म्हणजे चढाईचे शिक्षण नव्हे.

२) साधने कोणाची आणि किती जुनी? चढण्यापूर्वी जोडीने तपासणी होते का? प्रथमोपचाराची पेटी आणि दवाखान्यापर्यंत नेण्याची सोय आहे का? रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक मुलांना पाठ असावा.

३) मुलाने उपाशी जाऊ नये. निघताना पोहे, भाकरी, केळे असे काही पोटात असावे. दोन बाटल्या पाणी बरोबर द्यावे. रात्रपाळी करून आलेल्या तरुणाने त्या दिवशी चढू नये. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी घरी ठेवावी. अंगठी खाचेत अडकून बोट जायबंदी झाल्याची उदाहरणे आहेत. नखे कापावीत, केस घट्ट बांधावेत. महागडे बूट आरंभी नकोत, पातळ रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट चालतात. मुलींना पाळीच्या दिवसांत जावेसे वाटले तर जाऊ द्यावे, नको वाटले तर आग्रह करू नये. त्यात विटाळ वगैरे काही नाही.

४) घरी आल्यावर "किती वर गेलास?" असे विचारू नये. "काय शिकलास?" असे विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना केली की पुढच्या वेळी मूल भीती लपवू लागते.

संध्याकाळी भूगावला परतलो. ताई दारातच उभ्या होत्या. मुलीने पायाच्या मशीनची गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या. मग तिचे खरचटलेले गुडघे पाहून गप्प झाल्या आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा. पाठवायची का नाही?" दादा म्हणाले, "ती बांधलेली होती. मी नव्हतो. पाठव."

पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. दादांनी ठेकेदाराकडे पूर्ण पट्ट्यांची मागणी केली. नऊ माणसांच्या टोळीला दोन पट्टे मिळाले आणि त्यातही बोलणी खावी लागली. बाकीच्या सात पट्ट्यांसाठी भांडण चालू आहे. टोळीतील चौघांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीच नव्हती. त्यांचे कागद आता आमच्या टेबलावर आहेत. मुलगी दर रविवारी जाते. पैलवानही जातो, आणि आता तो पायाने चढायला शिकतो आहे.

तरुणांनो, कातळ कुणाची जात पाहत नाही की बापाचा पगार विचारत नाही. पण तो फुशारकीही चालवून घेत नाही. गाठ तपासा, जोडीदाराची तपासा, कळले नाही तर विचारा, भीती वाटली तर सांगा. मग पहिले पाऊल उचला.